मधल्या तीन रांगा

"हॅलो?… हॅलो, हो, मीच… अगं, आवाज असा म्हणजे कसा? माझाच आहे. हळू बोलतेय जरा… ऑफिसबाहेर बसलेय, बाकावर… नाही, काही नाही झालं. तू बोल."

काही झालं नाही, असं ताई लेकीला म्हणाली खरी, पण तिचे डोळे समोरच्या बंद दारावर होते. त्या दाराआड साहेबांनी चिमणीला बोलावलं होतं. चिमणीचं काम राहणार की जाणार, ते आज ठरायचं होतं आणि तिच्यानंतर ताईला आत हाक यायची होती.

एक विमान उतरलं की त्यातली माणसं बाहेर पडतात आणि थोड्याच वेळात दुसरी माणसं आत चढतात. या मधल्या वेळात खुर्च्यांखालचे कागद, सांडलेला चहा, चघळलेलं, चुरगळलेलं, विसरलेलं सगळं आवरायचं काम या बायकांचं. ताई त्यांच्यात सगळ्यांत जुनी. चिमणी तिच्याच हाताखाली शिकलेली. अंगानं एवढीशी, दोन खुर्च्यांच्या फटीतही शिरेल अशी, म्हणून चिमणी. पूर्वी एका विमानात सहा जणी चढायच्या. मग हवाई कंपनीनं खर्चाला कात्री लावली आणि सहाच्या दोघी झाल्या, त्याही फक्त दुपारच्या मोठ्या थांब्यावर. बाकीच्या छोट्या थांब्यांवर आता विमानात चहापाणी देणाऱ्या मुलींनीच केर काढायचा, असा हुकूम निघाला.

आणि ताईची लेक त्याच कंपनीच्या विमानात चहापाणी द्यायला होती. नवी होती, अजून कायमही झाली नव्हती. आईच्या हातातलं काढून घेतलेलं काम असं फिरून लेकीच्याच गळ्यात येऊन पडलं होतं.

"काय?… परत ओकारीची पिशवी?… मग काय केलंस?… नाक दाबून?… अगं वेडे, एका हातानं नाक धरलंस तर काम कोण करणार, मी? तोंडानं श्वास घ्यायचा आणि दुसऱ्याच कशाचा तरी विचार करायचा… मी? मी तुझ्या परीक्षेच्या निकालांचा विचार करायचे. त्यापुढे कुठलीच पिशवी काही वाटायची नाही."

पलीकडून हसू आलं असावं, कारण ताईच्या ओठांचा एक कोपरा जरासा वर गेला.

"हं… हो… च्युइंगम ओढायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? बर्फ लावून ठेवायचा वर. तुमच्याकडे बर्फाला काय तोटा? कडक झालं की नखानं निघतं… नख तुटलं? मग चमच्यानं काढ… अगं ऐक ना, हातमोजा काढतानाच कचरा मुठीत धरायचा आणि मोजा उलटा करायचा. कचरा आत, हात बाहेर… हां, तस्संच… शाबास. कुणाची लेक आहेस?"

लेकीचं गाऱ्हाणं सुरूच होतं. ओठांना लाली लावून, केसांचा अंबाडा घट्ट बांधून, हसतमुखानं संडास पुसायचा, मग हात धुऊन त्याच हसतमुखानं पाणी हवं का विचारायचं. एका प्रवाशानं तर उतरता उतरता तिच्या हातातल्या कचऱ्याच्या पिशवीत केळ्याचं साल टाकलं आणि वर दरवाज्यात तिच्याकडून नमस्कारही घेतला. ताई हुंकार भरत होती. एरवी तिनंही दोन-चार गोष्टी रंगवून सांगितल्या असत्या. आज अर्धा कान दाराकडे होता.

भानगड कालची होती. दुपारी या दोघींनी साफ करून दिलेल्या विमानात एक लहान मुलगी मधल्या रांगेत बसली. पोरांचे हात स्वस्थ कधी असतात? तिनं समोरच्या खुर्चीच्या खिशात हात घातला. आधीच्या कुणाची तरी गोळ्यांची अर्धी पट्टी तिथे राहून गेलेली. तिला ती गोड गोळी वाटली. आईनं वेळीच तोंडात बोट घालून गोळी बाहेर काढली, डॉक्टरांनी तपासलं, पोर ठणठणीत निघाली. पण कंपनी खवळली. तो खिसा न बघणाऱ्या बाईचं नाव द्या आणि तिला कामावरून काढा, असा निरोप सफाईचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराच्या साहेबांना आला. मागून पंखांपर्यंतच्या रांगा चिमणीच्या वाट्याच्या, तेव्हा नाव तिचंच निघालं.

सकाळी ताईनं तिला चार बायकांदेखत फैलावर घेतलं होतं. झाडू धरायच्या आधी तुला खिशात हात घालायला शिकवलं, आणि तेच विसरलीस? चिमणी मान खाली घालून बादली विसळत राहिली. हो नाही की नाही नाही. अवाक्षर नाही. साहेबांसमोरही तशीच उभी राहिली असेल, आणि ते गप्प राहणंच तिला भोवणार, हे ताईला दिसत होतं. तिला राग होता तो त्या विसरण्यापेक्षा या गप्प बसण्याचा.

"हो, हो… ऐकतेय ना… कंबर? कंबर आहे जागेवर. कुठे जातेय ती मला सोडून?… नाही गं, काल नाही दुखली… खरंच नाही… का हसतेस?… काल का दुखणार नाही? काय केलंस तू?"

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काल दुपारी? इथे उतरली होतीस?… आणि भेटली नाहीस?… हो, लगेच दुसऱ्या विमानात पळायचं होतं, बरं… मग?… कुठले आजोबा?… चाकाची खुर्ची यायची होती त्यांना. हं… सगळे उतरले आणि तू त्यांच्याजवळ थांबलीस. चांगलं केलंस. म्हातारं माणूस एकटं बसलेलं बरं नाही दिसत… मधेच बसले होते का ते? पंखाजवळ?… हं… हं… आणि हात रिकामे होते म्हणून काय केलंस?"

पुढचं ऐकताना ताईचा गुडघा चोळणारा हात मधेच थांबला.

"पट्टे?… खुर्च्यांचे पट्टे लावलेस?… म्हणजे कसे?… फुली मारून. आम्ही लावतो तसे… माझ्यासाठी?"

आता या पट्ट्यांचं थोडं सांगायला हवं. विमान साफ करणाऱ्या या बायकांची एक रीत होती. खुर्ची पुसून झाली, खिशात हात फिरवला, खाली वाकून बघितलं, समोरचा ट्रे उघडून मिटला, की मगच कमरेच्या पट्ट्याची दोन टोकं एकमेकांवर फुलीसारखी ठेवायची. आधी नाही. फुली दिसली म्हणजे ही खुर्ची झाली, हिला आता हात लावायचा नाही. सहा जणी धावपळीत काम करायच्या तेव्हा एकमेकींना हाका मारायला सवड नसायची. एकीनं केलेलं दुसरीनं परत करू नये आणि कुणाचंच राहूही नये, म्हणून ही खूण. दोघीच उरल्यावर तर ती फारच कामाची झाली. ताई पुढून सुरुवात करायची, चिमणी मागून. पट्ट्यांच्या फुल्या दोन्हीकडून सरकत सरकत जवळ यायच्या आणि जिथे भेटतील तिथे काम संपायचं. रांगांची कागदावरची वाटणी साहेबांची, ही या दोघींची.

विमानातल्या मुलींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी फुली म्हणजे खुर्ची नीटनेटकी दिसते, एवढंच. ताईच्या लेकीनं लहानपणापासून आईची कंबर शेकलेली. आजोबांशी बोलता बोलता तिनं आजूबाजूचे पट्टे उचलून नीट लावून ठेवले होते, तेवढंच नंतर सफाईला येणाऱ्या बायकांचं वाकणं वाचेल म्हणून.

"किती रांगा लावल्यास, बाळ?… आठवून सांग… आजोबांची एक. त्यांच्या पुढची. मागची… तीन… खिसे नाही बघितलेस ना?… नाही, तू कशाला बघशील. तुझं काम नव्हतंच ते."

ताईनं समोरच्या बंद दाराकडे बघितलं.

"हो… आहे मी. कटला नाही… नाही गं, रागावले नाही… थांब जरा, मला बसू दे… हो, बसलेलीच आहे. तरी बसू दे."

कालची दुपार ताईच्या डोळ्यांपुढे उलगडत गेली. ती पुढून येत होती. पंखाजवळ पोहोचते तो समोर फुल्या. तिला वाटलं, पोरगी आज वाऱ्यासारखी आली. मनात तिचं कौतुकही केलं, आणि उरलेला वेळ पुढच्या संडासाला द्यायचा म्हणून ती मागे फिरली. त्याच वेळी चिमणी मागून येत असणार. तिच्याही समोर त्याच फुल्या. तिला वाटलं असणार, ताई इथवर आली.

म्हणून गप्प होती तर. बिचारीला वाटत होतं, त्या तीन रांगा ताईच्या हातच्या. तोंड उघडलं असतं तर ताई सापडली असती. जिनं काम शिकवलं तिचं नाव घेण्यापेक्षा आपलं गेलेलं बरं, असं ठरवून ती सकाळी चार बायकांदेखत बोलणी खात उभी राहिली. आणि बोलणी कोण देत होतं?

ताईनं पदरानं तोंड पुसलं. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं.

फोनवर लेक वाट बघत होती. तिला काही न सांगणं सोपं होतं. चिमणी बोलणार नव्हती, लेकीला कधी कळणार नव्हतं, नव्या नोकरीला धक्का लागणार नव्हता. पट्ट्यांचं काय, कुणी लावले ते विमानाला थोडंच विचारता येतं? हा विचार ताईच्या मनात आला आणि चांगला दोन-तीन श्वास तिथे राहिला. ती माणूसच होती.

"ऐक," ती म्हणाली. "मी आता एक विचारते, तू उत्तर दे… नाही, परीक्षा नाही. समज, तू एका बाजूनं खुर्च्या करत येतेयस, मी दुसऱ्या बाजूनं. फुली घातली म्हणजे खुर्ची झाली, असं आपलं ठरलंय… हो, ठरलेलंच आहे आमचं… तुला पुढे फुली दिसली. तू काय करशील?… बरोबर, थांबशील. मग मीसुद्धा माझ्या बाजूनं थांबेन… हं. मग त्या मधल्या खुर्च्या कुणी केल्या?"

ताईनं फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"बोल ना… हो. कुणीच नाही केल्या."

लेकीच्या कंपनीत ती गोळ्यांची बातमी कालच सगळ्यांच्या कानी गेलेली असणार, कारण पुढचं ताईला सांगावं लागलं नाही.

"हो, तेच विमान… हो गं, तीच रांग असेल… रडू नको. पोर छान आहे, घरी गेली हसत… नाही, तू काही केलं नाहीस तिला… अगं ऐक ना, ऐक आधी. तू चांगलंच करायला गेलीस. माझी कंबर आठवली तुला, त्याचं मला काय वाटतंय ते मी आत्ता बोलत नाही, नाहीतर मीच रडत बसेन इथे. पण दुसऱ्याच्या कामात मायेनं हात घालायचा झाला तरी आधी विचारावं, बाळ. त्या कामाच्या खुणा आपल्याला माहीत नसतात… हो… हो… तुला कुणी सांगितलंच नव्हतं, खरंय. सहाच्या दोघी केल्या, उरलेलं तुमच्यावर टाकलं, आणि आम्हाला-तुम्हाला एकमेकांची रीत सांगायला कुणाला सुचलं नाही. पण ते आपण नंतर भांडू. आत्ता आत चिमणी आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. चिमणीला काढायला निघालेत ते, चिमणी बोलत नाही ते, आणि ती का बोलत नाही तेही.

"मी आत जाऊन सांगणार की त्या रांगांचे पट्टे आम्ही चढायच्या आधीच लागलेले होते… सांगावंच लागेल… तुझं नाव? नाही घेणार. कुणी लावले विचारलं तर म्हणेन, विमानातल्या मुलींपैकी कुणीतरी… खोटं कुठे आहे? तू त्यातलीच एक… काय?… हो, नुसतं ‘कुणीतरी’ म्हटल्यावर साहेब कशाला ऐकतील, ते मलाही कळतं. ताई आपल्या चिमणीला वाचवतेय म्हणतील… मग काय करू, तूच सांग. तू अजून कायम झालेली नाहीस. मला ठाऊक आहे ना. म्हणून तर जीभ उचलत नाहीये माझी."

दाराआड खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"काय म्हणालीस?… परत बोल… साहेबांशी बोलतेस? आत्ता?… नको. घाई करू नको… अगं, तुझी माणसं चढतायत ना तिकडे? ऐकू येतंय मला… वेळ आहे? किती असा वेळ आहे?… हे बघ, रात्री घरी बोलू, मग उद्या… हो, उद्यापर्यंत चिमणी नसेल. बरोबर आहे तुझं… पण तुला बोलावतील. विचारतील… भीती वाटत नाही? खरं सांग… वाटते ना. मलाही वाटते… मी तुला बोल म्हणणार नाही आणि नको पण म्हणणार नाही. तू मोठी आहेस… काय?… फोन दे म्हणतेस."

दार उघडलं. साहेबांनी मान बाहेर काढून, ताई, या आत, असं म्हटलं.

"ठेवू नको," ताई फोनमध्ये म्हणाली. "आत जातेय. अशीच राहा."

खोली लहान होती. टेबल, मागे फडक्यांचे गठ्ठे आणि साबणाचे डबे, एका कोपऱ्यात बिघडलेलं केर ओढायचं मशीन. चिमणी टेबलासमोर हात बांधून उभी होती. तिनं ताईकडे बघितलंही नाही. साहेब तसे वाईट माणूस नव्हते. वरून निरोप आला की त्यांचं डोकं दुखायचं, आणि आज ते कपाळ चोळत होते. ताई, तुम्हीच समजवा हिला, काहीतरी बोल म्हणावं, असं त्यांनी सुरू केलं.

ताईनं फोन पुढे केला.

"साहेब, माझी मुलगी आहे. विमानात काम करते. तिला तुमच्याशी बोलायचंय, कालचं."

साहेबांनी आधी फोनकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि तो कानाला लावला.

"हॅलो?… हो, मीच… बरं, ताईंची मुलगी… हो… थांबा, थांबा. सावकाश सांगा… कोण आजोबा?"

ताई दाराला टेकून उभी राहिली. इतका वेळ फोनमधला आवाज फक्त तिला ऐकू येत होता. आता तिच्या लेकीचं बोलणं तिलाच ऐकू येत नव्हतं. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या वाचण्याखेरीज इलाज नव्हता.

"पट्टे?… तुम्ही? तुम्ही का लावले?… हं… हं… तीन रांगा. नक्की?"

चिमणीनं मान वर केली. ती ताईकडे वळली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "म्हणजे ते तुम्ही नव्हते लावले?"

"मला वाटलं, तू लावलेस," ताई म्हणाली.

चिमणीच्या तोंडून असा श्वास सुटला, जणू तो कालपासून तिथे अडकून पडला होता. ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"हे लिहून द्याल?" साहेब फोनमध्ये विचारत होते. "तुमच्या कंपनीत जाईल ते. समजतंय ना?… तुम्ही नव्या आहात ना अजून?… हो… नाही, मी म्हणतो म्हणून नाही. तुमच्या आईशी बोलून ठरवा… बोललात? आधीच?… बरं… मी पण सांगेन त्यांना. पट्ट्यांचं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, हेही सांगेन. वर कळायला हवं ते… हॅलो?… हॅलो?"

त्यांनी फोन कानापासून लांब धरून पाहिला.

"दार लागलं असेल विमानाचं," ताई म्हणाली. "दार लागलं की बंद करावाच लागतो त्यांना."

साहेबांनी फोन तिच्या हातात दिला. तो अजून गरम होता. आता लेक दरवाज्याजवळच्या त्या छोट्या खुर्चीत बसली असेल, स्वतःचा पट्टा आवळून. तासाभरानं कुठेतरी उतरेल आणि खाली तिच्यासाठी काय वाढून ठेवलेलं असेल, ते ताईला माहीत नव्हतं. तिनं फोन ओच्यात खोवला, मग पुन्हा काढून हातातच धरला.

साहेबांनी एकदा कपाळ चोळलं. मग त्यांनी भिंतीशी उभ्या केलेल्या दोन घडीच्या खुर्च्या स्वतः उचलून आणल्या, उघडल्या आणि टेबलासमोर मांडल्या.

"बसा दोघी," ते म्हणाले. "आणि मला पहिल्यापासून सांगा. तुम्ही दोन्हीकडून येता, ते मधे नेमक्या कुठे भेटता?"